होस्टेलच्या नवीन रेक्टरताईंसाठी, माझ्या अनुभवातून

मी बडोद्यात एका निवासी कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलला रेक्टर आहे, घर दांडिया बाजारात पण राहणं बहुतेक कॅम्पसवरच. नवीन कोणी या कामाला लागलं की पहिलं विचारतं, अभ्यासाचं आपण काय बघायचं, ते तर प्रोफेसर बघतात ना? तर नाही हो, प्रोफेसरांना मुलगी तासभर दिसते, बाकीचा दिवस आणि अख्खी रात्र ती आपल्याकडे असते.

माझ्याकडून पहिल्याच वर्षी एक चूक झाली ती सांगते. छोटाउदेपूरकडची एक मुलगी, बारावीपर्यंत गुजराती मीडियम, आणि इथे सायन्सचं सगळं इंग्लिशमधून. मेसच्या रजिस्टरमध्ये तिची नाश्त्याची सही सलग आठ-नऊ दिवस नव्हती, मी बघितलं आणि मला वाटलं पोहे आवडत नसतील, सोडून दिलं. सेमिस्टरचा रिझल्ट लागला तेव्हा तीन विषयांत एटीकेटी. मग जवळ घेऊन विचारलं तर कळलं की ती रोज रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाईलवर एकेक शब्दाचा अर्थ बघत नोट्स उतरवायची, सकाळी उठताच यायचं नाही, पहिलं लेक्चर बुडायचं आणि ७५ टक्के अटेंडन्सचं टेन्शन वेगळंच. मला म्हणाली, "बेन, समजाय छे पण लखातुं नथी." समजतं पण लिहिता येत नाही. मला अजून ते वाक्य लागतं, कारण रजिस्टर माझ्या हातात होतं.

तेव्हापासून सेमिस्टरच्या तिसऱ्या आठवड्यात मी नाश्त्याचा कॉलम रोज बघते. तीन दिवस सही नाही की संध्याकाळी रूमवर जाऊन बसते, ऑफिसमध्ये बोलवत नाही, बोलावलं की मुली घाबरतात आणि "सगळं ठीक आहे मॅडम" एवढंच सांगतात. पहिल्या इंटर्नल परीक्षेच्या आधी हे झालं पाहिजे, नंतर खूप उशीर होतो.

शब्दांसाठी आम्ही मेसमध्ये एक मोठी वही ठेवलीय. डावीकडे गुजराती, मध्ये मराठी, उजवीकडे इंग्लिश, म्हणजे प्रवेग, त्वरण, अ‍ॅक्सिलरेशन असं, ज्या मुलीला जो शब्द अडला तो तीच लिहिते. आणि गणित आधी आपल्या भाषेत सोडवू द्या, इंग्लिश उत्तर नंतर लिहिता येतं, आधीच इंग्लिशचा आग्रह धरला तर मुलगी गणितच सोडून देते.

जेवणानंतर साडेआठ ते दहा, चार-चार जणींचे ग्रुप. एकटीनं दार लावून खूप अभ्यास करणारीच अडकते हे मी बघितलंय, आणि हे काही फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइझमन यांना १९७० च्या दशकात हेच दिसलं होतं, कॅल्क्युलसला मागे पडणारी मुलं मेहनत करत होती पण एकेकटी. त्यांनी मुलांना एकत्र बसवलं आणि सोपी नाही, अवघड गणितं दिली, मुलं पुढे गेली. म्हणून ग्रुपला "वीक स्टुडंट्स" असं नाव चुकूनही देऊ नका, हुशार मुलगी प्रत्येक ग्रुपमध्ये हवीच. आणि वाचून दाखवू नका म्हणावं, पुस्तक मिटून एकमेकींना विचारा, आठवायला लागतं तेव्हाच डोक्यात बसतं.

नवरात्रात मात्र हे टाईमटेबल चालत नाही. बडोद्यात राहून मुलींना गरबा बंद करणं मला पटत नाही आणि केलं तरी मन तिकडेच असतं. त्या नऊ दिवसांत ग्रुप दुपारी चार ते साडेपाच घेते, रात्री परत यायची वेळ ठरलेली, आणि दसऱ्यानंतर लगेच इंटर्नल असेल तर ते आधीच सांगून ठेवते.

रडणं, न जेवणं, कोणाशी न बोलणं दिसलं तर फक्त अभ्यासाचं बोलू नका, १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फ्री आहे, शेजारी बसून लावून द्या.

आणि स्कॉलरशिप. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब कोलंबियाला शिकायला गेले, त्या शहरात फॉर्म राहिला म्हणून एखादी मुलगी घरी परत जाते हे मला बघवत नाही. डिजिटल गुजरात या सरकारी पोर्टलवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म, बँक खातं, उत्पन्नाचा दाखला हे पहिल्याच महिन्यात समोर बसून करून घ्या. शेवटची तारीख मेसच्या फळ्यावर खडूनं मोठी लिहा, ग्रुपवर टाकलेला मेसेज दुसऱ्या दिवशी कोणालाच सापडत नाही.