तारखेच्या आधी सील बघा

मिरजेत एका रुग्णालयाच्या सर्जिकल स्टोअरचं काम मी बघते. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणारे नातेवाईक कॅथेटर (लघवीची नळी), सिरिंज, शुगरच्या पट्ट्या घेताना एक्स्पायरी तेवढी बघतात. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं एकच, आधी सील बघा. ती तारीख बंद आणि नीट ठेवलेल्या पाकिटापुरतीच खरी असते.

पाकीट उजेडात धरा. कागद आणि प्लॅस्टिक जिथं चिकटवलंय ती पट्टी चारही बाजूंनी सलग हवी. टाचणीएवढं भोक, ओल सुकल्याचा डाग, रबरबँडनं आवळून पडलेली चीर दिसली, तर तारीख २०२८ ची असली तरी ते निर्जंतुक धरू नका. परत करा.

मग खुणा. वाळूचं घड्याळ म्हणजे एक्स्पायरी, कारखान्याचं चित्र म्हणजे उत्पादनाची तारीख, 'लॉट' पुढे बॅच नंबर. गोलात काट मारलेला दोनचा आकडा म्हणजे एकदाच वापरायचं. फोलीज कॅथेटर, म्हणजे आत टिकून राहावी म्हणून टोकाशी फुगा असलेली लघवीची नळी, उकळून पुन्हा घालणारे भेटतात, तेव्हा जीव कळवळतो. उकळल्यानं त्या फुग्याचं रबर कमजोर होऊ शकतं. तारखेत फक्त महिना असेल, तर त्या महिनाअखेरपर्यंत चालतं.

सुटं पाकीट घेतलंत, तर तारीख आणि लॉट त्या पाकिटावरच हवेत. नुसत्या खोक्यावर असून तुमच्या उपयोगाचं नाही.

२०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरणाचं आयुष्य साधारणपणे उत्पादनापासून ६० महिन्यांपेक्षा जास्त देता येत नाही. त्याहून जास्त हवं असेल, तर कंपनीला परवाना अधिकाऱ्यांपुढे पुरावा मांडावा लागतो. स्टीलची कात्री, चिमटा निर्जंतुक न करता विकले जात असतील, तर त्यांवर एक्स्पायरी नसली तरी चालते.

शुगरच्या पट्ट्यांना दोन तारखा असतात. छापलेली तारीख न उघडलेल्या डबीची. उघडल्यावर किती दिवस चालतील ते आतल्या कागदावर असतं आणि ते कंपनीगणिक बदलतं. म्हणून उघडल्याची तारीख मार्करनं डबीवरच लिहा. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा. दमट हवेनं रीडिंग चुकतं, आणि चुकीच्या रीडिंगवर इन्सुलिनचा डोस ठरतो.

ठिपक्यांच्या चौकोनी कोडशेजारी कंसात आकडे असतात. (०१) नंतरचे १४ अंक ही त्या वस्तूची ओळख, (१०) नंतर लॉट, (२१) नंतर सीरियल नंबर. (१७) नंतर एक्स्पायरी येते: वर्ष, महिना, दिवस. २७०९०० असेल, तर सप्टेंबर २०२७ अखेर.

स्टेंट (रक्तवाहिनीत बसवायची जाळीदार नळी), कृत्रिम सांधा, मोतीबिंदूचं भिंग, शरीरात राहणाऱ्या अशा वस्तूंच्या बाबतीत हे आकडे जपलेच पाहिजेत. डेप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो बसवलेले कितीतरी रुग्ण पुढं अनेक वर्षं सापडलेच नाहीत. या वस्तूंच्या खोक्यात सुटे स्टिकर येतात. एक केसपेपरवर लागतो. दुसरा तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लावून मागा. शिल्लक नसेल, तर ओटी सिस्टरना विनंती करून केसपेपरच्या त्या पानाचा फोटो घ्या, नंबर वाचता येतील असा.