सातबाऱ्याबाहेरची माणसं आधी मोजा: कोकणातल्या मोठ्या प्रकल्पाच्या अभ्यासाची तयारी

प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास म्हटला की हवा, पाणी, माती, आवाज यांचे नमुने घ्यायचे हे सांगायला नको. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त, दहा किलोमीटर परिघाचा नकाशा, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दिलेल्या कार्यकक्षेची, म्हणजे अभ्यासात काय काय यावं त्याच्या यादीची प्रत. हे सगळं होतंच. जे होत नाही ते आधी सांगतो: सातबाऱ्यावर ज्यांचं नाव नाही अशा माणसांची वेगळी यादी करा. जमीन मोजणीच्या आधी करा. गेल्या खेपेला नेमकी हीच राहिली आणि जनसुनावणीत पहिला उठून बोललेला माणूस आमच्या एकाही तक्त्यात नव्हता.

कोकणात एकेका उताऱ्यावर तीस-चाळीस सामाईक नावं असतात. त्यातली निम्मी मंडळी डोंबिवली-नालासोपाऱ्यात, दोन-चार तर केव्हाच वारलेली. आणि त्याच जमिनीत नाचणी करणारा, आंब्याची राखण करणारा गुरखा, रोजावर काजू वेचणारी बाई, यांचा कागदावर पत्ता नाही. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव सापडलं तर नशीब समजा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबांत भूमिहीनही धरले आहेत: संपादनाआधीची तीन वर्षं त्या भागात राबणारे शेतमजूर, कुळं, कारागीर, आणि जंगलावर किंवा पाण्यावर पोट असलेले मच्छीमार, नावाडीसुद्धा. संपादन एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्याखाली असेल तर साहेब म्हणतील, त्यात सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची अटच नाही. बरोबर आहे, नाही. यादी तरीही करा.

जैतापूर बघा. अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे वगैरे गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन गेली. साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न त्या जमिनीचा नव्हताच. भट्ट्यांचं गरम पाणी समुद्रात सुटणार आणि बंदोबस्तामुळे वावर बंद होणार, ही त्यांची धास्ती. एप्रिल २०११ मध्ये नाट्याला पोलीस गोळीबारात एक जण गेला. सातबारा धरून जोखीम मोजणाऱ्याच्या तक्त्यात हे गाव शून्यावर येतं.

कधी जायचं हेही ठरवून ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. तेव्हा जेटीवर उभं राहून आवक मोजलीत तर जवळपास शून्यच मिळणार, आणि तेच शून्य अहवालात जातं, मी पाहिलंय. रायगडातले कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. जानेवारीत सर्वेक्षणाला गेलेला पोऱ्या 'घर बंद' लिहून पुढे सरकतो आणि ते कुटुंब कायमचं गळतं. 'घर बंद' हा शेरा मी स्वीकारत नाही. शेजाऱ्याला विचारा, मुकादम कोण ते लिहा, पावसाळ्यात परत जा. खाडीत तिसऱ्या-कालवं असले शिंपले काढणाऱ्या बायका ओहोटीला भेटतात, सकाळी अकराच्या ग्रामपंचायतीतल्या बैठकीत नाही. तेव्हा आधी तिथी बघा. मासळी वाळवायची जागा, गुरचरण, पाणंद, वहिवाटीची वाट कोण वापरतं ते नावानिशी लिहा. 'स्थानिक ग्रामस्थ' असं मोघम लिहून आणलंत तर कागद परत येईल.

आता सडा, म्हणजे कातळाचं पठार. उताऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नाही असा शेरा दिसला म्हणजे जमीन पडीक, असं धरू नका. मार्चमध्ये तिथे तापलेला कातळ असतो, ऑगस्टमध्ये त्याच कातळावर सीतेची आसवं फुललेली असतात आणि खालच्या वाडीची विहीर सड्यात मुरलेल्या पाण्यावर चालते. मूळ स्थितीची आकडेवारी पावसाळा वगळून एका हंगामाची चालते, म्हणून सल्लागार पावसात फिरकत नाहीत. तुम्ही जा, छत्री घेऊन जा. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी इथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, तीही असल्याच 'पडीक' सड्यांवर. आणि सड्यावर गुरं घेऊन येणारा कोण? तोही सातबाऱ्यावर नाही. लिहा.

नवा कारखाना एकटा धरून प्रदूषण मोजू नका. लोटे-परशुराम, महाडसारख्या ठिकाणी वाशिष्ठीत, सावित्रीत आधीच जे जातंय त्यावर हे चढणार आहे. पूररेषा जुन्या नकाशावरून उचलू नका. जुलै २०२१ चं चिपळूण आणि महाड आठवा. ज्वलनशील माल घाटाने येणार असेल तर घाटही अभ्यासात घ्या. सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा वेगळा लागतो. वनहक्काचे दावे पडून आहेत का, तपासा.

जनसुनावणी: किमान ३० दिवसांची नोटीस. सारांश मराठीत, म्हणजे वाचून कळेल अशा मराठीत. गणसंख्येची अट नाही, म्हणून रिकाम्या मंडपात उरकायचा मोह होतो. करू नका, प्रकरण कोर्टात जातं. मासळीच्या लिलावाच्या वेळेला सुनावणी नको. यादीत नसलेला कोणी बोलला तर त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जा. इतिवृत्त जागेवरच वाचून दाखवतात, तेव्हा जेवायला पळू नका.

पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात प्रत्येक उपायापुढे रक्कम आणि जबाबदार माणूस. आकडेवारी तीन वर्षांहून जुनी नको. मंजुरीनंतर सहामाही अनुपालन अहवाल, १ जून आणि १ डिसेंबर.