आफ्रिकी रानकुत्र्याचा जनुकसंच वाचताना

जनुकसंचावरील, म्हणजे प्राण्याच्या संपूर्ण डीएनएवरील, शोधनिबंध हाती घेण्यापूर्वी प्राणी नीट पाहून घ्यावा. श्वानकुळातील इतर सर्व प्राण्यांच्या पुढच्या पायाला अंगठ्यासह पाच बोटे असतात, आफ्रिकी रानकुत्र्याला मात्र चारच दिसतात. त्याच्या मांस कापणाऱ्या खालच्या दाढेचा मागचा भाग पाळीव कुत्र्यासारखा वाटीवजा नसून एकाच धारदार उंचवट्याचा असतो. जनुकांकडून ज्यांचे उत्तर हवे, ते प्रश्न इथे तयार होतात.

मग तुलना कशाशी केली आहे ते शोधावे. 2016 च्या अभ्यासात केनियातील लायकिपिया आणि दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर येथील एकेका रानकुत्र्याचा डीएनए पाळीव कुत्र्याच्या संदर्भ-जनुकसंचाशी, म्हणजे तुलनेसाठी नमुना म्हणून आधीच वाचून ठेवलेल्या जनुकसंचाशी, जुळवून वाचला गेला. अशा जुळवणीत, जो तुकडा पाळीव कुत्र्यात मुळातच नाही तो सहज निसटतो, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर निवडीचा पुरावा तपासावा. डीएनएतील काही बदलांनी प्रथिन बदलते, तर काहींनी काहीच फरक पडत नाही. पहिल्या प्रकारच्या बदलांचा वेग दुसऱ्यापेक्षा जास्त असेल, तर त्या जनुकावर नैसर्गिक निवडीने काम केले असावे असे मानता येते. मात्र एवढ्यावरून ते जनुक कोणत्या गुणासाठी निवडले गेले हे कळत नाही, आणि माझ्या मते वाचकाची सर्वाधिक फसगत याच जागी होते.

नातलगही पाहावेत. ताडोबात दिसणाऱ्या आपल्या कोळसुनाची, म्हणजे भारतीय रानकुत्र्याची, दाढही तशीच धारदार असते, आणि या दोघांच्या पूर्वजांमध्ये फार पूर्वी संकर झाल्याच्या खुणा 2018 च्या संशोधनात आढळल्या आहेत. म्हणून दोघांत सारखा बदल दिसला, तर तो समान पूर्वजाकडून आला, संकरातून आला की स्वतंत्रपणे घडला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटी जनुकांचा निष्कर्ष हाडांशी ताडून पाहावा. 2019 च्या तौलनिक अभ्यासाने या प्राण्याच्या जनुकांतील बदलांचा संबंध अंगठ्याच्या अभावाशी जोडला होता. पुढच्याच वर्षी शवविच्छेदनात कातडीखाली त्याच अंगठ्याचे छोटे, अवशेषरूप हाड सापडले. त्यामुळे ‘अंगठा नाहीसा करणारे जनुक’ शोधण्याऐवजी, त्याची वाढ मध्येच थांबवणारे बदल शोधणे अधिक योग्य ठरते.