टाच दुखतीय? पलंगावरनं उतरायच्या आधी हे करा

सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यागत कळ येते आणि थोडं चालल्यावर कमी होते, तर ते बहुतेक प्लांटर फॅसायटिस असतंय, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंतचा तळव्यातला जाड पट्टा ताणाने दुखावलेला असतो.

खाली उतरायच्या आधीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटं हातानं नडगीकडं ओढा, 10 सेकंद धरा, असं 10 वेळा, दिवसातनं तीनदा. माझ्या मते सगळ्यात कामाचा व्यायाम हाच. भिंतीला हात टेकून पोटरीपण ताणा, 30 सेकंद. संध्याकाळी पाण्याची गोठवलेली बाटली तळव्याखाली 10-15 मिनिटं फिरवा (शुगरमुळं पाय बधीर असतील तर बर्फ नको).

कोल्हापुरी चप्पल आपली शान आहेच, पण तळ सपाट आणि कडक, कमानीला आधार नाही, त्यामुळं बरं होईपर्यंत ती लग्नकार्यापुरतीच, आणि घरात फरशीवर अनवाणी अजिबात नको, मऊ स्लीपर घाला. रंकाळ्याच्या फेऱ्या आणि जोतिबाच्या पायऱ्या सध्या कमी करा, सायकल चालते.

बरं व्हायला महिने लागतात, मध्येच सोडू नका. सूज, मुंग्या किंवा रात्री झोपेतपण दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा.