वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षण करताय? या चुका टाळा

निकाल लागला की एखादा स्पर्धक परीक्षकाला दाराशी गाठतोच. "सर, माझं कुठं चुकलं?" उत्तर ठरलेलं: "छान बोललास, फक्त आत्मविश्वास वाढव." या उत्तराचं त्या पोरानं घरी जाऊन करायचं काय? परीक्षकाचाही नाइलाज असतो, कारण त्याच्या कागदावर नुसते आकडे असतात. विषयमांडणी 22, भाषा 15, सादरीकरण 17.

तेव्हा दुरुस्ती कागदापासून. मत नंतर, आधी कानावर पडलं ते टिपा. 'मांडणी विस्कळीत' असं न लिहिता 'तिसरं मिनिट, कर्जमाफीवरून एकदम शिक्षणावर' असं लिहा. 'हातवारे जास्त' याऐवजी 'दर वाक्याला तर्जनी वर'. चांगल्या बाजूलाही हाच नियम. 'सुरुवात उत्तम' यात त्याच्या हाती काही लागत नाही. 'आजीच्या रेशनकार्डापासून सुरुवात, शेवटी परत तेच कार्ड' हे ऐकलं की पुढच्या वेळी काय सोडायचं नाही ते त्याला कळतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पाठांतरात. धबधब्यासारखं बोलणं, मध्ये दोन शेर, शेवटी शिवरायांचं नाव आणि टाळ्या. मी स्वतः याला कित्येकदा भुललोय. पाठांतर हा दोष नाही, पण ते बोलणाऱ्याच्या अंगात मुरलंय का ते पाहावं. न मुरलेला अडखळला की वाक्य पहिल्यापासून धरतो. टाळ्या वाजत असतानाही थांबत नाही, पुढचं वाक्य टाळ्यांत बुडतं. आणखी एक चाचणी माझ्या उपयोगी पडते. गाजलेल्या उताऱ्याला मनातल्या मनात दुसरा विषय लावून बघायचा. 'पाणीटंचाई'चा उतारा 'मोबाइलचे दुष्परिणाम'लाही जसाच्या तसा चालत असेल, तर विषयमांडणीच्या रकान्यात त्याला गुण नकोत.

"शब्दांना फक्त 7 टक्के महत्त्व, बाकी आवाज आणि देहबोली" हे वाक्य परीक्षकांच्या खोलीत हमखास ऐकू येतं. त्याचं मूळ मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967च्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग भावना आणि आवडनिवड कशी पोहोचते याबद्दलचे होते, त्यातही सुटे शब्द वापरलेले. पाच मिनिटांच्या मुद्देसूद भाषणाला ते गणित लावून मुद्द्यांचे गुण खाऊ नका.

'न' आणि 'ण'चा घोळ, वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी हेल यावर थोडक्यात: शेवटच्या रांगेला शब्द कळला ना? मग गुण कापू नका.

पहिल्या स्पर्धकाच्या बाबतीत मात्र मी चुकलोय. एका आंतरशालेय स्पर्धेत 38 मुलं होती. 'अजून पुष्कळ यायचेत' म्हणून पहिल्या मुलीला हात राखून 58 दिले. दुपारी तिच्यापेक्षा कच्च्या मुलांना 65 देऊन बसलो होतो. तोवर बेरजा आयोजकांकडे गेल्या होत्या. तेव्हापासून पहिल्या पाचांचे गुण पेन्सिलीनं लिहितो, पाचवा बसला की पाचही पुन्हा पाहतो, मगच पेन.

दोन परीक्षकांत 20 गुणांचा फरक पडला तर सरसकट सरासरी काढून मोकळं होऊ नका. रकाने शेजारी ठेवा. बहुतेकदा भांडण एकाच रकान्यात असतं. एकानं 'सादरीकरण' म्हणजे अभिनय धरलेला असतो, दुसऱ्यानं स्पष्टपणा. खरं तर हे स्पर्धेआधी चहा घेतानाच बोलून घ्यावं, आणि वेळ ओलांडल्यास किती गुण कापायचे तेही.

वेळेवरून आठवलं. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबांत मूल्यमापन करणाऱ्यालाही घड्याळ असतं, साधारण दोन ते तीन मिनिटं. आपल्याकडे स्पर्धकाला पाच मिनिटांनी घंटा होते आणि मग 'परीक्षकांचं मनोगत' पंचवीस मिनिटं चालतं, तेही बहुधा स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांवर. त्या वेळात टिपणवहीतली वाक्यं वाचून दाखवा. घंटा वाजवणाऱ्या मुलाला सांगून ठेवा, आमच्यासाठीही वाजव.