मोफत तपासणीला जाण्याआधी करायचा हिशेब

प्रतिबंधात्मक तपासणी मोफत असली, तरी माफ होते ती बहुधा फक्त तपासणीची फी. बुडालेली मजुरी, प्रवासभाडे आणि घरच्या लहानग्यांना सांभाळण्याची सोय यांचा भार रुग्णावरच पडतो. म्हणून तारीख ठरवतानाच हा हिशेब कागदावर मांडावा.

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून होणारी तपासणी घ्या. त्याआधी पोट साफ करणारे औषध घेऊन वारंवार शौचास जावे लागत असल्याने कामावर जाणे अवघड होते. गुंगीचे इंजेक्शन दिले, तर साधारण 24 तास वाहन चालवता येत नाही आणि सोबत येणाऱ्याचाही दिवस मोडतो. माझ्या मते खरी जोखीम याहून वेगळी आहे. तपासताना पॉलिप, म्हणजे आतड्यातील छोटी मांसल वाढ, आढळून ती काढली, तर काही विमा योजनांत तीच भेट उपचार म्हणून नोंदली जाऊन बिल येऊ शकते. तेव्हा भूल, काढलेल्या तुकड्याची प्रयोगशाळेतील तपासणी आणि संशयास्पद अहवालानंतरच्या चाचण्या यांचे पैसे कोण भरणार, हे आधीच लेखी विचारावे.

बिल आलेच, तर भरण्यापूर्वी तपशीलवार प्रत मागावी आणि नोंद चुकलेली दिसल्यास दुरुस्तीचा अर्ज मुदतीत द्यावा.