म्युझियमला द्यायचा झाडाचा नमुना कसा बनवायचा

कॉलेजच्या बॉटनी म्युझियमला सातपुड्याकडचा एखादा नमुना द्यायचा असेल तर आधी जागा बघा, यावल अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही, बांधावरचा तरवड नाहीतर टाकळा चालतो की. फूल-शेंग असलेली फांदी घ्या, नुसती पानं नेलीत तर ओळखणाऱ्याचे वांधे होतात. जुन्या पेपरात पसरा, एक-दोन पानं उलटी ठेवा म्हणजे मागची बाजू दिसते, वर वजन, आणि पेपर रोज बदला, नाहीतर बुरशी.

आता लेबल. गाव, शिवार, तारीख, फुलाचा रंग (वाळला की उडतो), गोळा करणाऱ्याचं नाव. इथे कंटाळा नको राव! आपल्या खान्देशातला रानपिंगळा, म्हणजे फॉरेस्ट आउलेट नावाचं छोटं घुबड, १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता, त्यात मेनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश पक्षीसंग्राहक महाभागाने म्युझियममधला चोरीचा नमुना खोटं लेबल लावून गुजरातचा म्हणून खपवलेला. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासून ही लबाडी पकडली, खऱ्या लेबलांवरच्या जागा धरून शोधमोहीम निघाली आणि १९९७ ला शहाद्याजवळ पक्षी सापडला.

आणि हो, लेबल पेन्सिलने लिहा, पेनची शाई ओलीने पसरते.